खुणेचा रंग, चित्राचा रंग

रंगीत ई-रीडरचा वाद नाशकात घालायचा, तर पहिली साक्ष धुंडिराज गोविंद फाळके यांचीच काढावी लागते. १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांना जग ओळखतं ते चित्रपटामुळे. पण त्याआधी ते रंगीत छपाईत मुरलेले होते. लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केलं, पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईची यंत्रं आणण्यासाठी १९०९ साली जर्मनी गाठलं. पिवळा, तांबडा आणि निळा ठसा एकावर एक नेमका बसला की चित्राला कांती येते, आणि एखादा केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. अशा माणसाने १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तो मात्र काळा-पांढरा.

रंगीत ई-रीडरच्या विरोधकांना ही गोष्ट फार आवडेल. रंग जाणणाऱ्यानेच रंगाशिवाय काम भागवलं, मग चार ओळी वाचायला रंग कशाला, असं ते म्हणतील. पण फाळक्यांनी रंग नाकारला नव्हता. त्यांच्या हाती जी फिल्म होती तिच्यात काळा आणि पांढरा एवढंच उमटत होतं. हाती नव्हतं त्याला तत्त्व म्हणण्याची आपली सवय जुनी आहे, आणि काळ्या-पांढऱ्या ई-रीडरचं गुणगान करताना ती हमखास उफाळून येते.

या वादाला दोन टोकं आहेत. एका टोकाला नवं यंत्र म्हणजे कागदाचा रंगीत अवतार मानणारे भक्त. दुसऱ्या टोकाला ‘पुस्तक म्हणजे काळी अक्षरं’ असं ठणकावणारे कर्मठ. खंडनमंडनाच्या जुन्या रीतीप्रमाणे पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, आणि भक्तांचा पूर्वपक्ष वरवर पाहता भक्कम आहे. ई-शाईच्या पडद्यावर मुखपृष्ठ रंगीत दिसतं, मुलांची चित्रं रंगीत दिसतात, नकाशा समजतो. शिवाय टॅबसारखा प्रकाशाचा झोत थेट डोळ्यांत येत नाही. मग राहिलं काय?

राहिलं ते यंत्राच्या पोटात आहे. ई-शाईचं साधं पान म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्यांचा थर. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण, त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार. बाहेरून दिलेला विद्युतदाब उलटा केला की कधी पांढरे वर येतात, कधी काळे. कण एकदा जागेवर बसले की ते तिथे टिकवायला वीज लागत नाही, म्हणून हे यंत्र एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून १९९७ साली निघालेल्या ई इंक कंपनीचं हे तंत्र. २००९ मध्ये ती कंपनी तैवानच्या मालकीची झाली.

यात रंग आणायला सर्वात प्रचलित युक्ती कॅलिडो या नावाने ओळखली जाते. काळ्या-पांढऱ्या थरावर लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांची जाळी अंथरायची. जाळी आहे तिथेच असते; खालचे कण वर-खाली होतात आणि त्या त्या ठिपक्यातून रंग दिसतो किंवा दडतो. फाळक्यांच्या ठशांशी याचं नातं आहे, पण एक मोठा फरक आहे. त्यांचे रंग एकावर एक चढत, इथले शेजारीशेजारी बसतात. ठसे न उमटवता मोकळा सोडलेला कागद पांढराच राहायचा. या पडद्यावर पांढरं दाखवायलाही उजेडाला जाळीतून दोनदा जावं लागतं, आत शिरताना आणि बाहेर पडताना. लाल ठिपका हिरवा-निळा गिळतो, हिरवा ठिपका लाल-निळा. म्हणून रंगीत ई-रीडरचं कोरं पान पांढरं नसतं. वर्तमानपत्राच्या कागदासारखं राखाडी असतं. ते फार काळं पडू नये म्हणून जाळीचे रंग फिके ठेवावे लागतात, आणि जाळी फिकी केली की चित्र फिकं पडतं. एका बाजूने पांघरूण ओढलं की दुसरीकडे पाय उघडे.

२०२२ सालच्या कॅलिडो ३ मध्ये काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतात, रंग मात्र १५० ठिपक्यांनी. लांबीत निम्मे, रुंदीत निम्मे, म्हणजे क्षेत्रफळात चौथाई. रंग ४,०९६. मोबाइलच्या पडद्यावर ही संख्या एक कोटी सदुसष्ट लाखांच्या पुढे जाते. गॅलरी नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात जाळीच नाही, कणच रंगीत असतात. त्याचे रंग दाट येतात, पण एक रंगीत पान बदलायला अर्ध्या सेकंदापासून दीड सेकंदापर्यंत वेळ जाऊ शकतो. दीड सेकंद ऐकायला थोडा वाटतो. चित्रकथेची पानं भराभर उलटणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलासमोर तो ठेवून पाहावा.

आता भक्तांचे दावे एकेक करून घेऊ.

पहिला दावा दिवाळी अंकांचा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला वर्षातून एकदा सजवलेला, सचित्र अंक हातात घेण्याची चटक लागली. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांनी ती वाढवली. दलालांच्या चित्रातली त्वचेची झाक, पदराचा उतरता रंग, हे सगळं छटांच्या चढउतारावर उभं आहे. ४,०९६ रंगांच्या राखाडी पानावर ते पोचतं, पण आजारातून उठल्यासारखं. ज्या मुखपृष्ठासाठी रंगीत यंत्र घ्यायचं, त्याच मुखपृष्ठावर ते सर्वात आधी हरतं.

दुसरा दावा मुलांचा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट मिळतात. ही मराठी मुलांची खरीखुरी श्रीमंती आहे. पण ते अंक म्हणजे छापील पानांची जशीच्या तशी प्रतिमा. सात इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम पावणेअकरा सेंटिमीटर रुंद असतो, ए-फोर आकाराचं पान एकवीस. पान निम्म्यावर येतं, बारा पॉइंटचं अक्षर सहा पॉइंटचं होतं. मग चिमटीने मोठं करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. ‘टॅब नको, यावर वाचेल’ म्हणून आणलेलं यंत्र आठवड्याभरात कपाटावर जातं. (टॅब नको म्हणण्यामागचं खरं कारणही प्रकाशापेक्षा खेळांचं असतं. ई-रीडरवर खेळ नाहीत, हा त्याचा सर्वात मोठा गुण. आणि तो काळ्या-पांढऱ्यातही तेवढाच आहे.)

तिसरा दावा माहितीचा, आणि तो नाशिक जिल्ह्यात तपासायला सोपा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला केवडा ओळखायचा असतो तो पानाच्या वरच्या अंगावर उमटणाऱ्या तेलकट पिवळसर डागावरून. भुरी ओळखायची असते ती राखेसारख्या पांढुरक्या थरावरून. फिक्या जाळीतून पिवळसर आणि हिरवट यांतलं अंतर कमी होतं. आणि राखाडी पानावर राखेच्या रंगाचा रोग शोधणं म्हणजे धुक्यात धूर शोधणं. फवारणीचा निर्णय अशा चित्रावर कुणी घेऊ नये. तिथे मोबाइलच बरा, आणि मोबाइलपेक्षा बागेत जाऊन उलटं करून पाहिलेलं पान बरं.

एवढ्यावर कर्मठांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही. त्यांची बाजूही काही कमी बळकट नाही, विशेषतः देवनागरीच्या बाबतीत. रोमन अक्षरं बहुतेक एका पट्टीत मावतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय लागतो. ‘मूर्ती’तला रफार किंवा ‘त्यांचं’मधले दोन अनुस्वार हे बारीक ठिपक्या-रेषांचे खेळ आहेत. पानाचा पांढरेपणा घटला की पहिला मार त्यांनाच बसतो. मराठी वाचक आधीच अक्षर दोन घरं मोठं करून वाचतो. रंगीत पडद्यावर त्याला समोरचा दिवाही लावावा लागतो. दिवा लागला की बॅटरी उतरते. ॲमेझॉनने स्वतः सांगितलेले आकडे २०२४ च्या काळ्या-पांढऱ्या पेपरव्हाइटसाठी बारा आठवडे आणि रंगीत कलरसॉफ्टसाठी आठ आठवडे असे आहेत. त्या कलरसॉफ्टच्या पहिल्याच खेपेत पडद्याच्या तळाशी पिवळा पट्टा दिसत असल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला त्याची दखल घेऊन दुरुस्ती करावी लागली.

नुसती कादंबरी वाचणाऱ्याने काळा-पांढराच घ्यावा, हे कर्मठांचं म्हणणं म्हणूनच बिनतोड आहे. त्यांचं चुकतं ते पुढच्या उडीत. ‘वाचनात रंगाला स्थानच नाही’ असं ते म्हणतात तेव्हा ते मराठी वाचनाचा इतिहास विसरतात.

जुन्या हस्तलिखित पोथ्या उघडून पाहाव्यात. मजकूर काळ्या शाईचा, पण आरंभीचं नमन, दंड, अध्यायाची समाप्ती हिंगुळाच्या तांबड्या शाईत, नाहीतर त्यावर गेरूचा हात फिरवलेला. लेखनिकाची चूक झाली की त्यावर पिवळी हरताळ लावून ती झाकायची. मराठीतलं ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. म्हणजे शाईच्या दौतीशेजारी तांबडा आणि पिवळा हे दोन रंग वाचकाच्या सोयीसाठी ठेवलेले असत. शोभेसाठी नव्हे. कुठे थांबायचं, काय सुटं आहे, काय रद्द आहे, हे ते रंग सांगत. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ घरोघरी भिंतीवर आहे. लाल तारीख म्हणजे सुट्टी हे वाचता न येणाऱ्या मुलालाही कळतं. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. शंभराची जांभळी, दोनशेची पिवळी, पन्नासची निळसर. बसमध्ये वाहकाच्या हातात नोट देताना आकडा कोण वाचतं? तिथे जांभळ्याची नेमकी छटा कोणती याला महत्त्व नाही. पिवळीपासून ती वेगळी दिसली की काम झालं.

सगळा वाद इथेच सुटतो. रंग दोन प्रकारचा असतो. एक चित्राचा, जिथे छटा हाच अर्थ. दुसरा खुणेचा, जिथे फक्त वेगळेपण हवं. रंगीत ई-रीडर पहिल्यात नापास आहे आणि दुसऱ्यात चांगला पास. गंमत अशी की जाहिराती पहिल्याच्या होतात. झळाळती मुखपृष्ठं, चित्रकथा, निसर्गचित्रं. भक्त त्या पाहून घेतात आणि चिडतात. कर्मठ त्याच पाहून हसतात. यंत्राचं खरं काम काय, ते दोघांनीही विचारलेलं नाही.

ते काम पाहायचं असेल तर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जावं. तिथल्या पुस्तकांवर हायलायटरचे पिवळे, गुलाबी, हिरवे पट्टे असतात आणि प्रत्येकाची आपापली भाषा असते. कुणाचा गुलाबी म्हणजे कलम, पिवळा म्हणजे सनावळी, निळा म्हणजे ‘पुन्हा बघ’. काळ्या-पांढऱ्या ई-रीडरवर हे सगळे पट्टे एकाच राखेत मिसळतात. कलरसॉफ्टवर पिवळा, नारिंगी, निळा आणि गुलाबी अशा चार रंगांत खुणा करता येतात आणि नंतर एकेका रंगाच्या खुणा निवडून काढता येतात. पोथीतल्या हिंगुळाचा हा सरळ वारस. शिवाय यात यंत्राची दुखरी जागा दुखावत नाही, कारण अक्षर काळंच राहतं, पूर्ण ३०० ठिपक्यांचं, आणि रंग फक्त मागच्या पट्ट्यात येतो. उलट अक्षरच लाल केलं, तर ते १५० ठिपक्यांच्या जाळीत सापडून कडेला विसकटतं. ही बारीक गोष्ट पुस्तकं रचणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे: ई-पुस्तकात मथळे रंगीत करू नयेत, मथळ्यामागची पट्टी करावी.

खुणेच्या रंगाची आणखी उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. शहराच्या विकास आराखड्यात पिवळा म्हणजे निवासी, निळा म्हणजे व्यापारी, जांभळा म्हणजे औद्योगिक. सालवार आलेखात तीन पिकांच्या तीन रेषा, गडाच्या नकाशात पायवाट आणि तटबंदी, व्याकरणाच्या पुस्तकात नाम-क्रियापद वेगळं दाखवणाऱ्या चौकटी. हे सगळं काळ्या-पांढऱ्यावर केवळ अवघड होत नाही, चुकीचं कळू शकतं. आणि एक दाद द्यायलाच हवी: भर उन्हात, ठक्कर बाजारच्या स्थानकाबाहेर दुपारी बाराला बसची वाट पाहताना मोबाइलचा पडदा काळा ठिक्कर पडतो, तेव्हा रंगीत ई-रीडरचे रंग सर्वात खुललेले असतात. परावर्तित उजेडावर जगणारं यंत्र ते. ऊन जितकं कडक, तितकं ते खूश.

मग मराठी वाचकाने ते घ्यावं का? इथे यंत्राकडून ग्रंथालयाकडे वळावं लागतं. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती २०१६ च्या अखेरीस. २०१८ मध्ये, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. छापील पुस्तकावर तो नाहीच. पुस्तकं वाढली आहेत, पण त्यांत कथा-कादंबरी-चरित्रांचा भरणा, म्हणजे नेमका जिथे रंग लागत नाही असा मजकूर. जिथे लागतो, त्या पाठ्यपुस्तकांच्या, नकाशांच्या, बालसाहित्याच्या वाट्याला पीडीएफ. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी २००८ पासून फुकट पुस्तकं पुरवतात, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी मौल्यवान प्रकाशनं खुली केली आहेत, आणि तिथेही पीडीएफचंच राज्य. पीडीएफ वाचणाऱ्याची पहिली गरज मोठा पडदा ही आहे, रंग ही नंतरची. दोन्ही एकत्र हवं तर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अकरा इंची रंगीत किंडल स्क्राइबची अमेरिकेतली किंमत ६२९.९९ डॉलर आहे. पन्नास हजारांच्या पुढे. त्या पैशात विद्यार्थ्याचं खोलीभाडं आठवावं.

किमतीचा हिशेब मात्र नीट करायला हवा, कारण इथेही दोन्ही बाजू घाईत असतात. नाशिकमधूनच २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या छत्राखाली विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. एका पेटीत पंचवीस पुस्तकं, वाचून झाली की पेटी पुढच्या गटाकडे. ती पेटी माप म्हणून घेऊ. कलरसॉफ्ट बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत होती २७९.९९ डॉलर, त्याच वेळच्या पेपरव्हाइटची १५९.९९. फरक एकशेवीस डॉलरचा, तेव्हाच्या भावाने दहा हजार रुपये. साडेतीनशेचं पुस्तक धरलं तर नुसत्या रंगासाठी अठ्ठावीस पुस्तकं गेली. एक पेटी भरून वर तीन उरली. कर्मठ इथे थांबतात. पण त्याच वर्षी आलेल्या कोबो क्लाराच्या काळ्या-पांढऱ्या आणि रंगीत आवृत्त्यांत फरक फक्त वीस डॉलरचा होता. म्हणजे पाच पुस्तकं. रंगाची किंमत तंत्रापेक्षा कंपनीच्या मनावर अवलंबून आहे, आणि ती उतरणारच.

तोवर व्यवहार साधा आहे. रात्री अंथरुणात पडून कादंबरी वाचणाऱ्या आजीला काळा-पांढरा, अक्षर मोठं करून. फुकटच्या पीडीएफवर जगणाऱ्या अभ्यासकाला मोठा पडदा, रंग असो-नसो. खुणांच्या जोरावर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला, संदर्भग्रंथ चाळणाऱ्या शिक्षकाला, आलेख पाहणाऱ्या लेखापालाला रंगीत. आणि जमल्यास अँड्रॉइडवर चालणारा, बूक्ससारखा, म्हणजे मराठी पुस्तकविक्रेत्यांची ॲपही त्यावर चढवता येतील. दिवाळी अंकासाठी कोणताच नको. तो कागदावरच घ्यावा, मुखपृष्ठासकट.

एक जागा अशी आहे जिथे हे यंत्र विकत न घेताही नाशिककरांच्या हाती पडू शकतं. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या शहरात पुस्तकं घरी देत आलं आहे. अमेरिकेतली कितीतरी सार्वजनिक ग्रंथालयं ई-रीडरही पुस्तकासारखेच सभासदांना घरी देतात. दहा-बारा रंगीत ई-रीडर, त्यांत परीक्षेचे संदर्भ, शब्दकोश, नकाशे, आणि पंधरा दिवसांची मुदत. परत येताना त्यांत कुणाच्या तरी गुलाबी-पिवळ्या खुणा राहून गेलेल्या असतील. वाचनालयाच्या पुस्तकांवर पेन्सिलीने शेरे मारणाऱ्यांची परंपरा या गावात आहेच. ग्रंथपालाला फक्त खोडरबराऐवजी एक कळ दाबावी लागेल.